काळ्या रंगाखालची हिरवी नळी

मी, खाली सही करणारा, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, धंदा सायकल दुरुस्तीचा, हे मृत्युपत्र माझ्या स्वतःच्या अक्षरात, स्वखुशीने लिहून ठेवत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. कोणाला शंका असल्यास कालच मी एका चाकाच्या चाळीसच्या चाळीस तारा चष्म्याशिवाय ओढल्या, ते चाक दुकानात टांगलेले आहे, फिरवून पाहावे. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. बायको शेजारी बसून "लवकर आटपा" म्हणते आहे, पण ते दडपण धरू नये, ते बावन्न वर्षांपासूनचे आहे.

कलम पहिले. राहते घर, म्हणजे दुकानामागच्या दोन खोल्या आणि वरचा माळा, हे माझ्या पश्चात माझ्या पत्नीचे. तिच्या पश्चात मुलीचे. बँकेत जी काही शिल्लक असेल तीही पत्नीचीच. आकडा तिला माझ्याहून चांगला ठाऊक आहे.

कलम दुसरे. दुकान आणि सर्व हत्यारे मुलीला. चाकातला बाक तिला नुसत्या अंगठ्याला कळतो, ही विद्या मी शिकवलेली नाही, ती घेऊनच आली. मात्र जावईबापूंनी हत्यारांना हात लावू नये. माणूस सज्जन आहे, माझ्या मुलीला सुखात ठेवतो, पण एकदा त्यांनी माझ्या बारा नंबरच्या पान्याने भिंतीत खिळा ठोकला. मी काही बोललो नाही. आता बोलतो.

कलम तिसरे. कोपऱ्यावरच्या न्हाव्याने अकरा वर्षांपूर्वी "दोन मिनिटांत आणून देतो" म्हणून हवा भरायचा पंप नेला. तो पंप मी त्याला या पत्राने कायमचा देत आहे. अट एकच. त्याने चारचौघांत म्हणावे की पंप माझा होता.

कलम चौथे. आता मुद्द्याचे. माझ्या ताब्यात वडिलांची अर्धी सायकल आहे.

वाचणाऱ्याला वाटेल, म्हातारा घसरला. नाही. एकतीस वर्षांपूर्वी बाबा गेले तेव्हा आम्ही दोघा भावांनी दुकानाची वाटणी गोडीगुलाबीने केली. पण सायकल एकच, आणि ती दोघांनाही हवी. तेव्हा शेजारच्या शिंप्याला मध्यस्थ नेमले. ही आमची चूक. शिंप्याला न्याय करायला सांगितल्यावर तो कापणारच! त्याने दादाला फ्रेम, चेन आणि पेडल दिले, मला दोन्ही चाके, पुढचे चाक धरणारा चिमटा, हँडल, सीट आणि घंटी. दोघांनीही मान डोलावली, कारण दुसऱ्याला पूर्ण सायकल मिळाली नाही याचा दोघांनाही आनंद झाला.

माझ्या अर्ध्या भागाची आजची स्थिती, काही न लपवता: पुढच्या चाकाला बत्तीस तारा, सगळ्या मूळच्या. मागच्या चाळीसपैकी सहा मी बदलल्या. चाकांच्या मधोमध असलेल्या दोन्ही हबांवर तेल घालायच्या भोकाची झाकणे शाबूत आहेत, ही जुन्या मालाची खूण, नकली मालात ती पहिल्या वर्षीच पडतात. मागच्या रिमेवर गंज आहे, पण तो वरवरचा. नखाने टोकरल्यावर पापुद्रा निघाला तर गंज आत गेला समजावे, नुसती भुकटी निघाली तर लोखंड जिवंत आहे. इथे भुकटी निघते. सीटचे कातडे तीन ठिकाणी तडकले आहे. घंटी दुसऱ्या दाबाला वाजते, बाबांच्या वेळीही तसेच होते, दुरुस्त करू नये.

कलम पाचवे. हे कलम दादासाठी. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, वय एक्क्याऐंशी, धंदा तोच, दुकान रस्त्यापलीकडे, माझ्या बरोब्बर समोर. आम्ही एकतीस वर्षे एकमेकांशी बोललेलो नाही. काही निरोप असला तर शिंप्याकडे देतो, आणि तो त्यात स्वतःचे चार शब्द घालून पोचवतो.

झाले असे. वाटणीनंतर महिन्याभरात दादाने फ्रेम रंगवायला काढली आणि जुना रंग खरवडला. सगळीकडे काळ्याखाली लोखंड निघाले, पण दांडीखालच्या तिरप्या, म्हणजे खालच्या नळीवर काळ्याखाली हिरवा रंग निघाला. ती फ्रेम खांद्यावर टाकून तो रस्ता ओलांडून आला आणि भर गिऱ्हाइकांत म्हणाला, "ही बाबांची फ्रेम नाही. तू वाटणीआधी बदललीस."

"फ्रेमवरचा नंबर बघ की," मी म्हणालो.

"नंबर ठोकायचे छाप आपल्याच दुकानात पडलेत. कोणालाही ठोकता येतो."

यावर खरे उत्तर माझ्याकडे होते. ते न देता मी म्हणालो, "आधी डोळे तपासून घे." झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, माझी ही मूठ झाकून ठेवण्यात माझा भाऊ गेला. त्याने ती फ्रेम तशीच, हिरव्या नळीसकट, आपल्या दुकानाच्या दारावर टांगली. एकतीस वर्षे मी रोज सकाळी शटर उघडतो आणि समोर माझ्यावरचा आरोप लटकत असतो.

कलम सहावे. खरे उत्तर.

मी एकोणीस वर्षांचा असताना बाबा आठ दिवस आत्याकडे गेले होते. त्यांची सायकल न विचारता घेऊन मी दूधवाल्याशी उतारावर शर्यत लावली. दूधवाला जिंकला, मी हातगाडीवर आदळलो. दांडी वाचली, पण खालची नळी पुढच्या सांध्याजवळ मुरगळली. दादा त्या दिवसांत बाहेरगावी कामावर होता. मी एका भंगार हिरव्या सायकलची नळी कापून घेतली, भट्टीवाल्याकडून पितळेने झाळून बसवली आणि बाबा यायच्या आदल्या दिवशी तिच्यावर काळा रंग फिरवला. जुना रंग लोखंडापर्यंत खरवडल्याशिवाय नवा लावू नये, हे आमच्या धंद्यातले पहिले वाक्य. घाईत तेवढेच केले नाही. साइनबोर्ड रंगवणाऱ्याकडून बारीक कुंचला आणून दोन सोनेरी रेघा मात्र हुबेहूब ओढल्या.

बाबा आले, सायकलवर बसले, नेहमीसारखे बाजारात गेले. पुढे अठ्ठावीस वर्षे ते प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत, "माझी सायकल बघा, एकदाही आपटलेली नाही, एकही सांधा उघडलेला नाही." आणि मी शेजारी बसून पंक्चर काढत असे. ते गेल्यावर महिन्याभरात, भर दुकानात, मी त्यांना खोटे पाडू शकलो नाही. दादा, मला तुझी भीती नव्हती रे, मला लाज वाटत होती.

फ्रेम बाबांचीच आहे. मुलीने माझ्या माघारी दादासमोर ही तपासणी करावी: मागचे चाक बसते त्या दोन खाचांपैकी एकीला दोरा बांधून तो पुढच्या नळीला वळसा देऊन दुसऱ्या खाचेपर्यंत आणावा. सीटखालच्या नळीपासून दोन्ही बाजूंचे अंतर सारखे भरले तर फ्रेम सरळ. मग खालच्या नळीचे दोन सांधे पाहावेत, तिथले पितळ पिवळेजर्द आणि कडेला सांडलेले दिसेल. बाकीच्या सांध्यांचे पितळ दिसतच नाही, कारण ते कारखान्यात झाळलेले आहेत.

आणि एवढ्यावर त्याचा विश्वास बसायचा नाही, म्हणून पुरावा. मूळची मुरगळलेली नळी मी फेकली नव्हती. ठोकून सरळ केली, आत लाकडी दांडा बसवला, टोकाला आकडा लावला आणि वरून जुन्या ट्यूबची रबरी पट्टी गुंडाळली. छतावरचे टायर काढायची काठी ती हीच. वाटणीत ती कोणीच मागितली नाही.

कलम सातवे. सबब, माझ्याकडची अर्धी सायकल आणि टायर काढायची काठी मी माझ्या थोरल्या भावाला देत आहे. त्याने फ्रेममध्ये चाके बसवावीत, म्हणजे बाबांची सायकल पुन्हा उभी राहील. बाकी माझे काही म्हणणे नाही.

सहीपूर्वीची नोंद. वरील मजकूर लिहून झाल्यावर आज वकील आले. ते म्हणाले, साक्षीदार दोन हवेत. एक शिंपी, तो तयारच बसला होता. दुसरा कोण, असा विचार चालू असताना माझ्या पत्नीने मला न विचारता दारातून हाक मारली, "भावोजी, एक सही लागतेय, येता का?"

दादा आला. साक्षीदाराने मजकूर वाचायची गरज नसते असे वकील तीनदा म्हणाले. दादाने सगळा वाचला. सहावे कलम त्याने बोट लावून दोनदा वाचले. मग म्हणाला, "काठी कुठाय?"

मी दिली. त्याने खिशातला चाकू काढून रबरी पट्टी उलगडली. आत काळा रंग, आणि त्यावर एक जाड, एक बारीक अशा सोनेरी रेघा, बाबांच्या सायकलच्या.

"अठ्ठावीस वर्षं," दादा म्हणाला, "मी याच काठीनं टायर काढले. काखेत कळसा अन् गावाला वळसा!" आणि खुर्चीत बसून तो इतका हसला की शिंप्याने पाणी आणले. नंतर चष्मा काढून त्याने डोळे पुसले, ते हसण्यामुळे असे त्याचे म्हणणे आहे. मी माझे पुसले, ते कशामुळे हे मी लिहितो: तो माझ्याशी बोलला म्हणून.

वकिलांनी खाकरून सांगितले की ज्याला मृत्युपत्राने काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये.

"मग मला मृत्युपत्रानं काही नको," दादा म्हणाला. "आजच दे. तू मरायची वाट कोण बघत बसणार?"

त्यामुळे कलम सातवे मी माझ्या हाताने खोडले आहे. त्यातील वस्तू आज दुपारी बारा वाजता रस्त्यापलीकडे गेल्या, चाके मी नेली, हँडल मुलीने, घंटी शिंप्याने वाजवत नेली. खोडाखोडीवर माझी सही आहे. उरलेली कलमे कायम.

ठिकाण: दुकानामागची खोली.
दिनांक: सात नोव्हेंबर, दुपारी तीन. (चाके बसवून झाल्यावर.)

लिहून ठेवणार: (सही) धाकटा भाऊ, सायकल दुरुस्तीवाला.

साक्षीदार पहिला: (सही) शेजारचा शिंपी. वाटणीबद्दल दिलगीर.

साक्षीदार दुसरा: (सही) थोरला भाऊ, समोरचा सायकलवाला. सहीखाली त्याच्याच अक्षरात: "फ्रेम दोरा लावून तपासली. सरळ आहे. बाबांचीच आहे. हिरवी नळी तशीच राहू द्यावी, काळा रंग देऊ नये."