अर्धी माही, अर्धी तुही

गडचांदूर, मंगळवार, २२ जानेवारी २००२

आज शेजारची शबाना चक्क अडकित्ता घेऊन आली. दिवस भरण्याआधी होणाऱ्या बाळंतपणावर औषधाची चाचणी चालू आहे, तीत आम्ही दोघीही आहोत. निम्म्या बायकांना औषधाची गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी साधी. कुणाला कोणती, हे डॉक्टरीणबाईंनाही ठाऊक नाही.

"दोघीच्याबी गोळ्या कापू. अर्धी माही, अर्धी तुही," शबाना म्हणाली. "एक तं खरी असन ना."

तिचा आरिफ सातव्या महिन्यात होऊनही जगला. माझी मुलगी नाही जगली. अडकित्ता तिनं माझ्यासाठीच आणला होता, कळत होतं मला. खरं सांगायचं तर मी हात पुढेही केला. पण माझे वडील, आबा, घरी गणितं शिकवताना म्हणायचे, येत नसेल तर जागा रिकामी ठेव, दुसऱ्याचं बघू नको.

"मंग गोळीनं फरक पडते का नाई, कोणालेच समजणार नाई," मी म्हटलं. "पुढच्या बायांले काय सांगतीन?"

"पुढच्या बाया पाह्यतीन त्यायचं. मले तुह्या पोटातलं पायजे."

मी अडकित्ता मिटून तिच्या हातात परत दिला. शेवटी दोघींनी आपापली गोळी गिळली. बरोबर केलं का मी? अजून ठरत नाही.

"तुहीच खरी असो," ती म्हणाली.

"नाई, तुही."

आवाज इतके चढले की तिची सासू दारात आली. "काऊन भांडून राह्यल्या वं दोघी?"

आम्हाला हसू आवरेना, सांगणार काय?