शोकपत्रकातील एका त्रुटीबद्दल

स्प्लिट, २७ मे

आदरणीय तोंकाताई यांस,

बेरिस्लावचा सविनय नमस्कार. बोटीच्या धक्क्यापासून घरापर्यंतचा चढ आपला उजवा गुडघा अजूनही विनातक्रार चढत असावा, कोंबड्या अंडी घालण्यात नियमित असाव्यात आणि या वर्षीच्या केपरच्या कळ्या एव्हाना मिठात पडल्या असाव्यात, अशी आशा करतो. इकडे सर्व क्षेम आहे असे लिहिण्याची रीत आहे. परंतु माझा डावा खांदा त्या विधानाशी सहमत नाही. (कारण यथास्थान येईल.)

आपल्याला पत्र लिहिण्याचा हा माझा बारावा प्रयत्न. पहिले अकरा मसुदे 'खुलासा' या शब्दाने सुरू होत होते, आणि लुत्सा म्हणत असे की माझी जी पत्रे खुलाशाने सुरू होतात त्यांत माफीपर्यंत कागद पुरत नाही. म्हणून या वेळी क्रम बदलतो. तोंकाताई, मी चुकलो. मला क्षमा करावी. (खुलासा खाली आहे.)

गेल्या वर्षी सतरा जूनला लुत्सा गेली आणि तिचे शोकपत्रक मी स्वतः लिहिले. आपल्याकडे त्या काळ्या चौकटीत मृताच्या नावाखाली 'शोकाकुल' म्हणून सगळा गोतावळा छापतात: नवरा, बहिणी, भाचे, भाच्यांच्या बायका, क्वचित शेजारी. मला ती यादी नेहमीच लग्नपत्रिकेसारखी वाटत आली. ज्याला दुःख झाले आहे त्याने ते सहीनिशी का जाहीर करावे, असा माझा प्रश्न होता. म्हणून मी पाच ओळी लिहिल्या: नाव, जन्म, मृत्यू, अंत्यविधीची वेळ आणि, भेटायला येणाऱ्यांची गैरसोय होऊ नये यासाठी, तिसऱ्या मजल्यासह घराचा संपूर्ण पत्ता. छत्तीस वर्षे भूमिती शिकवलेल्या माणसाला शोभेल अशी ती रचना होती; एक शब्द अधिक नाही, एक उणा नाही. ते पत्रक मी इमारतीच्या दारावर, मासळीबाजाराजवळच्या फळ्यावर आणि बसथांब्यावर लावले. त्यात बहीण म्हणून आपले नाव नव्हते. नवरा म्हणून माझेही नव्हते. आपल्याला वाटले, मी आपल्याला वगळले. शहराला वाटले, लुत्साला कोणीच नव्हते आणि शहराच्या मध्यभागी दोन खोल्या, स्वयंपाकघर व बाल्कनी निराधार झाली आहे.

त्यातून महिना जूनचा. आपण बेटावर स्वतःच्या घरात राहता, तेव्हा ही गोष्ट कदाचित आपल्या नजरेस आली नसेल: इथले घरमालक सप्टेंबरमध्ये भाडेकरू ठेवतात आणि पंधरा जूनला पर्यटकांसाठी त्यांना रस्त्यावर काढतात. शाळेच्या वर्षाला नऊ महिने असतात हे मी जन्मभर मानत आलो. माणसाच्या वर्षालाही नऊच असतात हे मला निवृत्तीनंतर समजले. लुत्साचे पत्रक लागले त्या दिवशी अर्धे शहर बॅगा भरून फळ्यांसमोर उभे होते, आणि ते फळे कशासाठी वाचत होते हे मला सोडून सर्वांना ठाऊक होते.

अंत्यविधीनंतर घरी किती माणसे आली, हे आपण पाहिलेच. आपण स्वयंपाकघरात हॅम कापत होतात आणि मी दारात उभा होतो. (अंगात ती काळी पँट. लुत्साने तिची उंची कच्च्या पांढऱ्या टाक्यांनी बांधून ठेवली होती, पक्की शिवण राहून गेली. मी तशीच घातली.) ही सर्व तिची गिऱ्हाइके, असे मी गृहीत धरले. चाळीस वर्षे तिने या शहराचे झगे सैल केले आणि कोट आवळले. तिची माणसे येत तेव्हा मी शाळेत असे, त्यामुळे चेहरे अनोळखी असणे स्वाभाविक होते. एका तरुण जोडप्याने छताकडे पाहून दीर्घ उसासा सोडला. मी म्हणालो, होय, ती आता वरच आहे. तरुणाने हळूच विचारले, "म्हणजे वर अजून एक मजला आहे?" एका गृहस्थाने डबडबल्या डोळ्यांनी माझा हात धरून चौकशी केली की न्हाणीघरात पाण्याला जोर कसा आहे. शोकाने माणूस भरकटतो, म्हणून मी नळ सोडून दाखवला. ती धार पाहून त्यांना पुन्हा हुंदका आला.

आणि मग मापाची फीत घेतलेल्या त्या बाई. शिवणाच्या खोलीत, आपण मुक्कामाला वापरता त्या खाटेशेजारी, गुडघ्यांवर बसून भिंत मोजत होत्या. आपण दारातून कडाडलात, "ए बये, ऊठ! माझ्या बहिणीची फुलं अजून सुकली नाहीत आणि तू कपाट कुठं बसवायचं ते बघतेस?" तेव्हा सर्वांसमक्ष मी आपल्याला गप्प केले. मी म्हणालो की या बाई लुत्साच्या व्यवसायभगिनी दिसतात, आणि एका शिंपिणीने दुसरीला दिलेला हा अखेरचा मान आहे. (हे वाक्य आठवले की आजही माझी कॉलर आवळते.) बाईंनी प्रसंग ओळखून मान डोलावली. आपण त्यांना दंडाला धरून जिन्यापर्यंत पोहोचवलेत, खोलीला कुलूप घातलेत, किल्ली पर्समध्ये टाकलीत, उतरताना दारावरचे पत्रक प्रथमच नीट वाचलेत आणि माझ्याकडे न पाहता दुपारच्या बोटीने विस बेटावर परत गेलात. त्या दिवसापासून आपला फोन वाजतो, पण उचलला जात नाही.

त्यानंतरच्या आठवड्यात माझ्याकडे कॉफीचे सव्वीस पुडे आणि औषधी अर्काच्या दारूच्या नऊ बाटल्या जमल्या, कारण भेटीला रिकाम्या हाताने येण्याइतके कोणी असंस्कृत नव्हते. मेजावर मी एक वही ठेवली होती. तीत लोकांनी शोकसंदेशाखाली पत्ते आणि फोन नंबरही लिहिले, हे मला अत्यंत समंजसपणाचे वाटले. "केव्हाही बोलवा, त्याच दिवशी येऊ." "आम्ही दोघेच आहोत, शांत स्वभावाचे, कुत्रा नाही." एकाने तर आपला पगारही लिहिला होता. दुःखात माणसे एकमेकांपुढे किती मोकळी होतात, असे मी पेरिनाबाईंना म्हणालो. (पेरिनाबाई आठवत असतील: समोरच्या दारात राहतात, उन्हाळ्यात स्वतःची झोपायची खोली पर्यटकांना देऊन लोणच्यांच्या बरण्यांसह कोठीत निजतात.) त्या म्हणाल्या, "प्रोफेसर, तुम्हाला पेन्शन कोणी मंजूर केलं हो?" मी प्रत्येकाला आभाराचे कार्ड पाठवले. बावीस कार्डांपैकी एकोणीस परत आली: पत्त्यावर आता कोणी राहत नाही.

या साऱ्यांत खरे एकच व्यक्ती बोलली. नवव्या दिवशी साधारण तिशीची एक मुलगी आली, दारातच थबकली आणि म्हणाली, "तुमच्या पत्नीला मी ओळखत नव्हते. मी पत्रक वाचून घरासाठी आले. मला वाटलं घर रिकामं असेल. तुम्ही आहात हे त्यात लिहिलं नव्हतं." मग कॉफीचा पुडा माझ्या हातात ठेवला, "हा तुम्हालाच, जिवंत आहात म्हणून," असे म्हणून ती जिना उतरली. मी दार लावले, वही उघडली आणि पहिल्या पानापासून पुन्हा वाचली. तेव्हा मला सर्व कळले: कोण रडत होते, कशासाठी रडत होते, आणि त्या घरात लुत्साच्या बाजूने फक्त आपण एकट्या उभ्या होतात.

मग तत्काळ का लिहिले नाही, असे आपण विचाराल. पहिले कारण माझा ताठा. त्याविषयी आपल्या बहिणीने आपल्याला वेळोवेळी कळवलेच असेल. दुसरे कारण सांगणे कठीण आहे. शिवणाच्या खोलीच्या त्या कुलूपबंद दाराने माझी एक सोय केली. दार उघडे असते तर खोली रिकामी आहे हे सिद्ध झाले असते. बंद दाराआड लुत्सा गळ्यात फीत घालून, तोंडात टाचण्या धरून बसली आहे, म्हणूनच उत्तर देत नाही, असे मानण्यास तर्काची हरकत उरली नाही. वर्षभर मी त्या दारावरून पावलांचा आवाज न करता जात आलो आहे. (हे वाक्य पहिल्या अकरा मसुद्यांत नव्हते.)

आता खांदा. एप्रिलमध्ये पेरिनाबाईंनी आपल्या खोलीची जाहिरात 'समुद्रदर्शनासह' अशी केली आणि एका पाहुण्याने समुद्र कुठे आहे असे विचारले. समुद्र न्हाणीघराच्या झरोक्यातून, स्टुलावर उभे राहिल्यास, दिसतो. स्टूल त्या विनामूल्य देतात. भूमितीच्या शिक्षकाने तसे लेखी द्यावे असा त्यांनी आग्रह धरला. मी चढलो. समुद्र होता, बोटभर रुंद. त्याचा कोन किती अंशांचा हे पाहण्यासाठी मी किंचित झुकलो आणि टबात पडलो. इस्पितळाने व्यायामोपचारासाठी पाठवले. तेथील मुलीने माझा हात धरला, चेहऱ्याकडे पाहिले आणि सर्व रुग्णांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "अय्या प्रोफेसर! तुम्ही तेच ना, जिवंत असलेले?"

तिचे नाव मिर्ना. गेल्या उन्हाळ्यात ती आधी एका सहकाऱ्याच्या होडीत राहिली (जुलैत ती होडीही पर्यटकांना दिली गेली), मग दंतवैद्य मैत्रिणीच्या प्रतीक्षाकक्षातील कोचावर; सकाळी सात वाजता पहिला रुग्ण गाल धरून शेजारी बसेपर्यंत. यंदाही पंधरा जूनला तिला जागा सोडायची आहे, आणि या वेळी होडी नाही, कोचही नाही. अर्ध्या शहराचे खांदे आणि गुडघे पूर्ववत करणाऱ्या मुलीला त्याच शहरात पाठ टेकायला जागा नाही, हे उदाहरण मी कोणत्याही बाजूने सोडवून पाहिले तरी सुटेना. "हात वर. अजून वर," ती म्हणत असे. "तुमचा खांदा माझ्या घरमालकासारखाच आहे बघा, जूनच्या पुढं सरकतच नाही." सातव्या बैठकीत मी तिला म्हणालो की माझ्याकडे एक खोली आहे. तिने भाडे विचारले. मी पेरिनाबाईंच्या एका आठवड्याएवढे सांगितले, दरमहा. मग तिने विचारले, "आणि उन्हाळ्यात कुठं जायचं?" उन्हाळ्यातही तिथेच राहायचे, मी म्हणालो. तिने माझा हात एकदम सोडून दिला. (त्यामुळे उपचार एक आठवडा वाढले.)

पेरिनाबाईंना हे कळताच त्या जिन्यातच ओरडल्या, "अहो, त्या खोलीत दोन जर्मन आणि एक सायकल मावते! एका मुलीला काय देताय?" मिर्नाने मात्र दुसरेच विचारले: खोलीत खाट कोणाची? मी सांगितले, माझ्या मेहुणीची. बेटावरून डॉक्टरकडे येतात तेव्हा तिथे निजतात. "मग आधी त्यांना विचारा," ती म्हणाली. "दुसऱ्याच्या खाटेवर न विचारता झोपायचा मला आता कंटाळा आलाय."

म्हणून विचारतो. ती खोली आपल्या बहिणीची आणि खाट आपली; मी केवळ त्यांच्याभोवतीच्या घरात राहतो. आपली हरकत असल्यास मी मिर्नाला नाही म्हणेन आणि कारण देणार नाही. हरकत नसल्यास, आपण येथे याल तेव्हा माझी खोली आपली राहील आणि मी स्वयंपाकघरातल्या बाकावर निजेन. बाक एक मीटर अडुसष्ट सेंटिमीटर आहे, मी एक एक्क्याऐंशी. गुडघे मुडपले की उत्तर जुळते. शिलाईयंत्र हलवले जाणार नाही. मिर्नाने त्यावर काहीही न ठेवण्याचे कबूल केले आहे.

गुडघ्याला जपावे. कोंबड्यांना आशीर्वाद.

आपला,
बेरिस्लाव

ता. क. वर एक गोष्ट लिहायची राहिली. खोली देण्याचे ठरवले तरी ती उघडता येत नाही, कारण किल्ली आपल्या पर्समध्ये आहे. मिर्ना पंधरा तारखेला सकाळी दहा वाजता दोन बॅगा आणि एक रबराचे झाड घेऊन दारात उभी राहील. चौदा तारखेच्या बोटीवरील खलाशाकडे किल्ली पाकिटात घालून दिल्यास मी धक्क्यावर हजर राहीन.

ता. क. २. वरील सूचना रद्द समजावी. खलाशी विसराळू असतात. पेरिनाबाईंचा पुतण्या कुलपांचे काम करतो आणि चार मिनिटांत दार उघडून देईन म्हणतो. मी त्याला सांगितले की हे कुलूप ऑस्ट्रियन बादशाहीच्या काळचे असून ते मूळ किल्लीशिवाय उघडत नाही. हे असत्य आहे; कुलूप मी स्वतः घेतलेले आहे, मासळीबाजाराशेजारच्या दुकानातून. दार उघडेल तेव्हा मला तिथे एकट्याने उभे राहायचे नाही, एवढाच त्या कुलपातला दोष आहे. तेव्हा किल्ली पाठवू नये, घेऊन यावी. माझी काळी पँट अजून कच्च्या टाक्यांवरच आहे. सुई आणण्याची गरज नाही. सुया आतच आहेत.

ता. क. ३. पहिल्या स्मृतिदिनाच्या पत्रकाचा मसुदा सोबत जोडला आहे. 'शोकाकुल'खाली आपले नाव पहिले, माझे दुसरे. मान्य असल्यास तसे कळवावे. पत्ता या वेळी गाळला आहे.