वाटेत आडवे ठेवावयाचे घर

मी, एदुविना काइचेओ, वय ८१, अविवाहित, न्यायालयातील निवृत्त लेखनिक, राहणार पिदपिल, चिलोए बेट, हे मृत्युपत्र स्वेच्छेने व स्वहस्ते लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. ज्यास शंका असेल त्याने पुढील कलमांतील एक तरी खोडून दाखवावे.

१. ओढ्यावरचे माझे कोइग्वे वृक्षांचे रान व त्यात शिरणारी एकमेव वाट, जमिनीसह, मी पिदपिलच्या वनसमितीस देते. बारा वर्षांपूर्वी लाकूड-ठेकेदाराचे ट्रक आले, तेव्हा समितीची माणसे अकरा दिवस पावसात वाटेवर बसली होती. रान माझ्या नावावर होते, राखले त्यांनी. म्हणून ते त्यांचे.

२. माझे घर भाऊ अदेओदातोचा मुलगा रेलिंदो यास देते. भावाला मरणसमयी तसा शब्द दिला होता. रेलिंदोनेही एक शब्द दिला आहे: आत्या गेल्यावर वाट खुली करीन, असा, त्याच ठेकेदाराला. गेल्या ईस्टरला तो मला म्हणाला, “आत्या, म्हातारी झाडं आज ना उद्या पडणारच. आपण पाडली तर काय बिघडलं?”

“म्हातारी तर मीही झालेय, बाबा. मला कधी पाडतोस?”

तो हसला. 

३. घर म्हणजे भिंती, छप्पर व चूल. खालची जमीन नव्हे. आमच्या बेटावर लाकडी घरे जागा बदलतात, हे रेलिंदो विसरला असावा. माझ्यासाठीच्या नऊ दिवसांच्या प्रार्थना संपताच गावाने मिंगा, म्हणजे जेवणाच्या बदल्यात सर्वांनी मिळून श्रम, करावी: घराखाली ओंडके सरकवावेत, बैल जुंपावेत, सर्वांनी दोराला हात लावावा. एका बाजूस कडा आणि दुसऱ्या बाजूस दलदल असलेल्या वाटेच्या तोंडाशी घर आडवे ठेवावे. जेवणासाठी माझी दोन्ही डुकरे, बटाटे आणि पिंपातली चिचा, म्हणजे सफरचंदाची दारू, घ्यावी. चिचा उरवू नये.

४. समितीच्या नावाचा कागद असता घर कशाला, असा आक्षेप येईल. एकतीस वर्षे मी मनाई हुकूम लिहिले. पुष्कळदा शाई वाळेपर्यंत झाडांच्या फळ्या झालेल्या असत. कागद न्याय देतो. ट्रक अडवत नाही.

५. रेलिंदोने त्या घरात सुखाने राहावे. घर हलवावेसे वाटल्यास त्याला गावाकडे मिंगा मागावी लागेल. बारा बैलजोड्या लागतात, आणि त्याच्याकडे एकही नाही. आम्ही चर्च ओढले त्या दिवशी तो नेमका मांस वाढताना उगवला होता. शेजारी ओनोफ्रे ग्वेंतेओ सर्वांदेखत म्हणाला, “दोराला एक हात नाही, हाडाला मात्र दोन्ही!” गाव हे विसरलेले नाही. तथापि माझ्या घराच्या मिंगेला तो आला, तर पहिला दोर त्याच्याच हाती द्यावा आणि तो जुना हिशेब मिटला असे समजावे.

६. वडिलांची दोन मुठींची करवत समितीस. ती फक्त वाऱ्याने पडलेल्या झाडाला लावावी.

७. यापुढे ठेकेदाराला रानात जायचे तर रेलिंदोच्या स्वयंपाकघरातून जावे लागेल. त्याला हो म्हणेल इतका मूर्ख काइचेओ घराण्यात अजून जन्मलेला नाही.

पिदपिल, १४ मार्च २०१९.
सही: एदुविना काइचेओ

वाचून, समजून, तिच्यासमक्ष सह्या केल्या:
दोमितिला बार्रिआ
सेगुंदो नाउएलकिन
ओनोफ्रे ग्वेंतेओ. एदुविनाबाई, बैल तयार आहेत. तुम्ही घाई करू नका.