टक्कल पडलेल्या माणसाचं शाम्पूविषयी मत

तीर्थरूप अक्कास,
धाकट्या (आणि तुझ्या मते अजून अक्कल न आलेल्या) भावाचा नमस्कार.

गुडघा कसा आहे? ऑपरेशननंतर लेकीकडे तुझं छान चाललंय, लिफ्ट आहे, जावई शब्दाबाहेर नाहीत, हे फोनवर ऐकलं. "इथेच राहू का रे कायमची? तुला काय वाटतं?" असं तू विचारलंस आणि मी "तुझी मर्जी" म्हणून फोन ठेवला. (दूध उतू चाललंय म्हणालो. घरात दूध नव्हतंच.)

हल्ली मी कामात असतो. शिवणाचं दुकान बंद केल्यापासून हात रिकामे, म्हणून मोबाईलवर कंपन्यांना मतं देतो. जन्मभर गिऱ्हाइकांची मापं घेतली, पण माझं मत कोणी विचारलं नाही (तू तर न विचारता दिलेलंही परत करायचीस), त्यामुळे हुरळून गेलो. पण ही माणसं भलतीच विक्षिप्त. शाम्पूबद्दल माझ्याकडून ढीगभर उत्तरं काढून घेतली आणि मग विचारलं, केस किती लांब? खरं सांगितलं, तर 'आपण पात्र नाही, धन्यवाद' म्हणून तोंडावर दार लावलं. दुसरीकडे मध्येच आलं, 'लक्ष देत असाल तर निळा रंग निवडा.' आता शिंप्याला निळा म्हणजे कुठला निळा? विचारायची सोय नाही. शेवटी मळखाऊ म्हणून करडा निवडला. लक्ष नाही म्हणून हाकललं.

काल चहाबद्दल विचारत होते. घरात माणसं किती? मी 'दोन' लिहिलं. (सवय.) मग दुसऱ्या व्यक्तीची चौकशी सुरू झाली. तुझी उत्तरं मी धडाधड दिली. कडक लागतो, साखर कमी म्हणते आणि जास्त घेते, दुसऱ्याने केलेला आवडत नाही पण पिते. मग आलं, ही व्यक्ती सकाळचा चहा कोणाबरोबर घेते? एकटी, जोडीदार, मित्र, सहकारी. 'भावाशी भांडत' असं कुठेच नव्हतं. मी वर-खाली करून तो पर्याय शोधत राहिलो, तेवढ्यात वेळ संपली. अक्का, तुझ्याशिवाय अजिबात करमत नाही गं. भांडायलासुद्धा कोणी नाही.

बाकी ठीक. लेकीला आशीर्वाद, जावयांना नमस्कार.

तुझा,
भाऊ

ता. क. 'तुझी मर्जी' हे उत्तर रद्द समज. माझं मत, तू परत ये. जिन्याला दुसऱ्या बाजूनेही कठडा बसवून घेतलाय.

आणखी एक ता. क. लेक सहजासहजी सोडायची नाही. मामा आजारी आहे म्हणून सांग. तिने फोन केलाच तर खोकून दाखवीन. सराव चालू आहे.