विरोध करणारा बाप पाहिजे

११ जानेवारी, रविवार

आज पुन्हा तेच! नऊ वाजले की आमच्या घरात सुतक. तो नाचाचा कार्यक्रम लागतो आणि ही आणि समिधा, दोघी मायलेकी रडायला बसतात. नाच दोन मिनिटं. त्याच्या आधी गरिबी दहा मिनिटं — एकाची आई भाजी विकते, एकाचं छप्पर गळतं, एकीचा बाप पितो. ज्याच्या घरी सगळे धडधाकट, त्या बिचाऱ्याला मार्क कमी. मग परीक्षक उठून उभे राहतात, डोळे पुसतात, मागे सनई वाजते. आणि लगेच साबणाची जाहिरात.

संस्कृती बुडाली म्हणून छाती बडवायला मी काही कीर्तनकार नाही. पण लोकांचं दुःख वाटीत घेऊन चमच्याने खायचं आणि वर म्हणायचं, टाइमपास आहे! ही म्हणाली, मग बघता कशाला? मी बघत नाही. मी जेवतो. टीव्ही समोर लावलाय त्याला मी काय करू.

१४ जानेवारी, बुधवार

तीळगूळ घ्या आणि धक्का घ्या. समिधाची निवड झाली — त्याच कार्यक्रमात! कॉलेजचं प्रोजेक्ट सांगून ऑडिशनला जाऊन आली होती. बारा जणांत आमची पोरगी.

मी ओरडणार होतो. खरंच ठरवलं होतं. पण पेढे मीच आणले, आणि शेजारच्या जिग्नाबेनपासून वॉचमनपर्यंत मीच वाटले. तत्त्वं गेली पेढ्यांच्या बॉक्समध्ये.

शेवटी रक्त कुणाचं? गावाला गणपतीत पायात चाळ बांधून मी जाखडी नाचलोय, चांगली पहाटेपर्यंत. पोरीला पहिली गिरकी मी शिकवली, याच हॉलमध्ये, सोफा भिंतीला लावून. पुढे क्लासला नेणं-आणणंही माझ्याकडेच. फॅक्टरीतून सुटलो की थेट स्कूटर तिकडे.

२० जानेवारी, मंगळवार

चॅनेलकडून निकेत नावाचा एक मुलगा आला. क्रिएटिव्ह आहे म्हणे. म्हणजे काय करतो ते शेवटपर्यंत कळलं नाही. आल्या आल्या घर बघितलं. फ्रिज बघून तोंड पडलं, सोफा बघून आणखी पडलं. एसी दिसल्यावर तर मला त्याची दयाच आली. मला म्हणाला, "काका, तुमचं स्ट्रगल काय आहे?"

म्हटलं, पाणी. आज मंगळवार, आज आलंच नाही.

हसला नाही. बॅगेतून कागद काढला आणि वाचून दाखवलं. बापाचा नाचाला कडक विरोध. एक दिवस बाप रागाने पोरीची घुंगरं घेतो आणि वरसाव्याला जाऊन खाडीत फेकतो. पोरगी चोरून नाचत राहते. आई चोरून साथ देते. शेवटी बाप स्टेजवर येतो, माफी मागतो, स्वतःच्या हाताने पोरीच्या पायात घुंगरं बांधतो. सनई!

मी म्हटलं, छान आहे. बाप कोण करणार?

म्हणाला, तुम्ही.

समिधा तेवढा वेळ लादी मोजत बसली होती.

२१ जानेवारी

नाही म्हणून कळवून टाकलं. बाप आहे मी, व्हिलन नाही.

२२ जानेवारी, गुरुवार

पोरगी दोन दिवस नीट जेवली नाही. आज बोलली. "बाबा, बाकी अकरा जणांकडे काहीतरी आहे. माझ्याकडे काहीच नाही. मी पहिल्याच आठवड्यात घरी येणार."

घ्या! म्हणजे सुखी घरात जन्माला घातली हीच माझी चूक. आधी कळलं असतं तर थोडी दारू प्यायलो असतो, दोन-चार थोबाडीत दिल्या असत्या, पोरीचं भलं झालं असतं.

मग रडली. कॅमेरा नव्हता, तरी रडली. म्हणजे खरंच रडत होती. हो म्हटलं. दुसरं काय करणार? ही लगेच तयार — हिला चोरून साथ देणाऱ्या आईचा रोल, गुणाचा. वर मला म्हणते, तुम्हाला शोभेल हो!

२८ जानेवारी, बुधवार

फॅक्टरीत अर्धा दिवस टाकला आणि पोरीची घुंगरं फेकायला गेलो. वरसाव्याच्या पुलावर थांबायची परवानगी नाही, म्हणून पुलाखाली, खाडीच्या काठाला. वरून घोडबंदर रोडचा सगळा ट्रॅफिक हॉर्न वाजवतोय आणि खाली मी मळका शर्ट घालून उभा. शर्ट त्यांचा. माझे शर्ट फार स्वच्छ निघाले.

घुंगरंही त्यांचीच, नवी कोरी, चार जोड. पहिला जोड फेकला तर ओहोटी. पाणी कुठे, सगळा चिखल! घुंगरं चिखलात रुतून वर बघत बसली. दुसऱ्या वेळी फेकताना माझी चप्पल पण गेली. निकेत म्हणतो, काका, चेहऱ्यावर राग येत नाहीये, ज्याच्यावर खरंच राग आहे असा एखादा माणूस आठवा. आठवायचा कशाला, समोरच उभा होता. पुढचा टेक एकदम ओके झाला.

एक सांगतो. चाळ घालून नाचलेल्या माणसाच्या हाताला ते फेकणं जमत नाही. खोटी असली तरी. घरी येऊन साबणाने हात धुतले.

शो संपेपर्यंत यातलं कोणाला काही सांगायचं नाही, अशी सही पण घेतली त्यांनी.

७ फेब्रुवारी, शनिवार

लागला आमचा एपिसोड. खाडी, मी, घुंगरं, स्लो मोशन. मग स्टेजवर माझी माफी, आणि पोरीच्या पायात घुंगरं. डोळ्यांत काहीतरी घातलं होतं, असलं झोंबलं की परीक्षकांपेक्षा मी जास्त रडलो. समिधा मात्र सुंदर नाचली. ते तेवढं खरं होतं, आणि ते दीड मिनिट दाखवलं.

गावाहून थोरल्या भावाचा फोन. आपल्या घराण्यात कुणी कलेचा असा अपमान केला नव्हता म्हणे. अरे, माझ्या मागे ढोलकी तूच वाजवायचास ना!

९ फेब्रुवारी, सोमवार

आज मी किती नालायक आहे ते भाईंदर ईस्टमध्ये सगळ्यांनी आपापल्या भाषेत सांगितलं. जिग्नाबेनने जिन्यात अडवून पंधरा मिनिटं समजावलं, बेटी तो लक्ष्मी होती है, भाईसाब. पेढे खाताना मी चांगला होतो. डेअरीवाल्याने सुट्टे हातात न देता काउंटरवर ठेवले. जिवाला लागलं ते उत्तमचं. इथल्याच गोडदेव गावातला, फॅक्टरीत पॉलिश मशीनवर माझ्या बाजूला उभा असतो, डबा आम्ही एकत्र खातो. आज डबा घेऊन लांब बसला. नंतर एवढंच म्हणाला, "बाबाजी, तुझ्या घरी जेवलोय रं मी. तू असा न्हाय वाटला मला."

सांगता येत नाही. सही केलीय. डबा तसाच परत आणला.

एकटा तिसऱ्या मजल्यावरचा नीलेश काही बोलला नाही. आमच्याच बाजूचा, चिपळूणकडचा. त्याची सान्वी आणि आमची समिधा लहानपणापासून एका क्लासला. दोघींना मीच स्कूटरवर सोडायचो. दोन वर्षांपूर्वी सान्वीने क्लास सोडला, आता कुठल्या तरी ऑफिसात लागलीय. लिफ्टमध्ये नीलेश आणि मी दोघंच होतो. मान खाली घालून उभा राहिला. सभ्य माणूस.

१५ फेब्रुवारी, रविवार

समिधाला सगळ्यात जास्त मतं! माझ्या बदनामीला चांगला भाव आलाय. स्टेशनच्या बाहेर दोन बायकांनी ओळखलं. एक म्हणाली, लाज नाही वाटली? दुसरी म्हणाली, एक सेल्फी. दोन्ही दिलं — लाज पण आणि सेल्फी पण.

२१ फेब्रुवारी

नीलेश आता मी लिफ्टमध्ये असलो की जिन्याने जातो. गुडघे दुखतात त्याचे, तरी. म्हणजे हा पण चिडलाय. गेला तो सभ्य माणूस.

१ मार्च, रविवार

समिधाला एक दिवसाची सुट्टी, शोवाल्यांच्या हॉटेलातून घरी आली. हिने कोलंबी केली. जेवताना मी निकेतची टिंगल काढली. म्हटलं, पोरगं बावळट, पण डोकं काय! घुंगरं, खाडी, सगळं कसं सुचलं असेल एसीत बसून?

समिधाचा हात थांबला.

"बाबा, ते त्याचं नाही. ऑडिशनला त्यांनी विचारलं, घरून विरोध होता का. मी हो म्हणून गेले. मग पुढचं सांगावं लागलं."

पुढचं कुठून आणलंस? ही विचारायच्या आधी मीच विचारलं.

"सान्वीचं आहे."

सगळं निघालं मग. सान्वी नवरात्रात स्टेजवर नाचली, गावच्या कोणीतरी व्हिडिओ बघून नीलेशला टोमणा मारला. दुसऱ्या दिवशी तिची घुंगरं घरात नाहीत. बापाने सांगितलं, वरसाव्याला खाडीत टाकली, आता विषय बंद. सान्वीने हे जगात एका माणसाला सांगितलं. आमच्या समिधाला.

तिला विचारलंस का, हे सांगू का म्हणून? नाही. ती कार्यक्रम बघते का? "बघते ना बाबा. दर आठवड्याला मला मत देते."

मी ताटावरून उठलो. माझं तोंड काळं झालं त्याचं काही नाही, ते मी आपणहून दिलं होतं. पण त्या पोरीचं दुःख आम्ही घरात बसून चमच्याने खाल्लं, आणि मी त्यात मीठ-मसाला टाकला, मळका शर्ट घालून! समिधाला म्हटलं, आधी खाली जा आणि तिच्याशी बोल. गेली नाही. घाबरली. संध्याकाळी गाडी आली, निघून गेली. मला पोरीचा एवढा राग आजवर आला नव्हता. त्या दिवशी खाडीवर हाच चेहरा हवा होता निकेतला.

आता कळतंय नीलेश जिन्याने का जातो.

२ मार्च

सान्वी गेटवर भेटली. तीच म्हणाली, "काका, समिधाला सांगा, गिरकी संपताना डावा पाय उशिरा पडतोय."

बरं म्हटलं.

३ मार्च, मंगळवार

समिधाला फोन लावला. डावा पाय सांगितला. कोणी सांगितलं तेही सांगितलं. म्हणाली, मी आत्ता तिला फोन करते. केला की नाही, देव जाणे.

५ मार्च, गुरुवार

सकाळी कामाला निघालो तर दारात नीलेश. बेल न वाजवता उभा. आत ये म्हटलं तर येईना.

"दादा, खाडीत नव्हती टाकली मी. तिला तसं सांगितलं फक्त. माळ्यावर आहेत, गोणीत." मग म्हणाला, "आता दिली तर घेईल का ती?"

मला विचारत होता! का, तर टीव्हीवर माझ्या पोरीने घेतली होती.

"घेईल," म्हटलं. "माझ्या पोरीने घेतली ना."