लाल भिंतीपुढची खुर्ची

डेव्हेंटर, ४ मार्च १९९१

चि. यिस्का हिस हेर्मीन मावशीचे अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्रास कारण की, मी भिंत रंगवली. बसायच्या खोलीतली, रस्त्याकडच्या खिडकीसमोरची, अख्खी. लाल! विटेचा लाल नव्हे, गुलाबाचाही नव्हे. पिकून फुटायला आलेल्या टोमॅटोचा लाल. दुकानदाराने दोनदा विचारलं, की बाई, दारापुरताच ना? मी म्हटलं, भिंतीला हवाय, आणि डबा मोठा द्या. सासष्टाव्या वर्षी शिडीवर चढले आणि सगळा वेळ गात होते. शेजारीण कोरी फुटपाथवर थांबून ऐकत होती. ऐकतेय कसली, बघत होती.

बाकीच्या तीन भिंती बेरेंडच्या. लग्न या वयात कशाला, पण एका घरात राहायचं तर करार हवा, आणि आमचा करार तेवढाच आहे. त्याने वाळूचा रंग घेतला. ओल्या वाळूचा की कोरड्या, यावर आठवडा गेला आणि कोरडी जिंकली. दोन्हींत फरक काय ते मला अजून कळलेलं नाही, पण हे त्याला सांगू नकोस. त्याची राखाडी खुर्ची झुत्फेनहून आली. ती मी बरोबर लाल भिंतीकडे तोंड करून मांडली, म्हणजे बिचाऱ्याला दिवसभर मजा बघता येईल.

एकच गोष्ट घशात अडकलीय. झुत्फेनचं भाड्याचं घर त्याने अजून सोडलेलं नाही. घरमालकाला महिनाअखेर कळवायचंय. संडासात घरोघरी टांगतात त्या वाढदिवसांच्या कॅलेंडरवर त्याचं नाव घालू म्हटलं, तर म्हणाला, घाई कशाला, सध्या पेन्सिलीने लिही. घ्या! तुझ्या आईच्या कुत्र्याचा वाढदिवससुद्धा तिथे शाईने आहे.

पत्र पाठव. लोभ आहेच, तो वाळूच्या रंगाचा होऊ देऊ नकोस.

तुझी,
हेर्मीन मावशी


लेवार्डन, ८ मार्च

ती. मावशीस यिस्काचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी फर्निचरच्या दुकानात, शोकेसमध्ये गालिचा अंथरता अंथरता वाचलं आणि काचेच्या आत एकटीच हसत सुटले. बाहेर दोन बायका थांबल्या. मालकांना वाटलं, गालिच्यामुळे थांबल्या.

आईला सांगितलं. ती म्हणाली, हेर्मीनने लहानपणी कोंबड्यांचं खुराडं निळं केलं होतं आणि कोंबड्या आठवडाभर आत जाईनात. मला तो बेरेंड कोंबडीच्या जागी दिसायला लागला, माफ कर.

पण थट्टा बाजूला. लाल रंग मोहरीच्या चटणीसारखा असतो. मांसाच्या गोळ्यांशेजारी चमचाभर हवाच, त्याशिवाय जेवणाला चव नाही. पण कोणी नुसती मोहरीच वाढली तर माणूस उठून जातो. तुझ्या तीन भिंती वाळूच्या आहेत, म्हणजे प्रमाण तर बरोबर आहे. मग माझ्या मनात येतं, ताटात मोहरी बरोबर आहे, पण ती बेरेंडच्या अगदी नाकासमोर तर नाही ना? त्याला विचारलंस का, भिंत आवडली का म्हणून? तू सांगितलं असशील, विचारलं नसशील.

आईचा आशीर्वाद. कुत्र्याची शेपटी.

तुझी लाडकी,
यिस्का


डेव्हेंटर, १४ मार्च

चि. यिस्का हिस अ. उ. आशीर्वाद.

विचारलं. भिंत छान आहे म्हणाला आणि फिरायला गेला. हल्ली रोज संध्याकाळी जातो, आयसेल नदीच्या कडेने, पावसातसुद्धा. परत येतो, डब्यातून एक बिस्किट घेतो, झाकण लावतो, खुर्चीत बसतो आणि डोळे मिटतो. झोप लागलेली नसते. झोपेत तो घोरतो, मला ठाऊक आहे.

आणि काल काय म्हणाला माहीत आहे? खिडकीला पडदा लावू या. पडदा! आपल्या रस्त्यावर, जिथे कोणीच पडदा ओढत नाही! दिवसाढवळ्या पडदा ओढलेला दिसला तर कोरी अर्ध्या तासात सूप घेऊन येईल आणि दबक्या आवाजात विचारेल, की कोण गेलं. मी म्हटलं, आपल्याला लपवण्यासारखं काय आहे? त्याने टोपी घेतली आणि निघाला.

पोरी, मला भीती वाटते. महिनाअखेरीला तो झुत्फेनला जाईल आणि परत येणार नाही. आणि मी लाल भिंत घेऊन बसेन, बघायला कोणी नाही. परवा मी वाळूच्या रंगाचा डबा काढून झाकण उघडलं होतं. सगळी भिंत पुसून टाकावी असं वाटलं. पण ब्रश बुडवला नाही. मी आहे तशी आहे, ती भिंत म्हणजे मीच आहे. तिच्यावर वाळू फासून त्याला ठेवून घेतलं तर तो राहील कोणाबरोबर?

रडकं पत्र झालं, फाडून टाक. लोभ वाढव, सध्या जास्त लागतोय.

तुझी,
मावशी


डेव्हेंटर, १५ मार्च

श्रीमती यिस्का यांस स. न. वि. वि.

आपली ओळख एका वाढदिवसाला गोल करून मांडलेल्या खुर्च्यांमध्ये झाली. आपण माझ्या डावीकडे होता. आपण दुकानाची शोकेस सजवता असे कळले, म्हणून लिहितो.

उभा जन्म मी कालव्यांच्या पाण्याची पातळी मोजली. माझ्याकडे कोणी वळून बघितले नाही आणि ते मला सोयीचे होते. आता माझ्यासमोर लाल भिंत आणि पाठीमागे खिडकी आहे. येणारा-जाणारा प्रत्येक जण भिंत बघायला थांबतो. मला ते दिसत नाहीत, फक्त मानेला कळतात. आपली मावशी या भिंतीमुळे इतकी आनंदात आहे, की तिला हे सांगण्याची माझी छाती नाही. ती सकाळी उठून भिंतीला गुड मॉर्निंग म्हणते. असे माणूस मी पूर्वी बघितले नव्हते. मला तिथून जायचे नाही. परंतु मान दुखते.

उपाय असल्यास कळवावा. मावशींना कळू नये.

आपला नम्र,
बेरेंड


लेवार्डन, १८ मार्च

ती. बेरेंडकाकांस सा. न. वि. वि.

काका म्हणायचं की नाही हे महिनाअखेर ठरेल, पण मी आधीच सुरुवात करते.

अहो, खुर्ची फिरवा! पाठ भिंतीकडे, तोंड खिडकीकडे. मग तुमच्यासमोर वाळूच वाळू, आणि लाल रंग मावशीला. शिवाय लोक बघायला लागले की तुम्हीही त्यांच्याकडे बघा. बघणाऱ्याकडे कोणी बघितलं की तो आपोआप पुढे सरकतो. शोकेसमध्ये बसून मी एवढंच शिकलेय.

आणि हे मावशीला सांगायचं नसेल तर नका सांगू, पण तुम्हाला तिथून जायचं नाही, हे मात्र सांगा. तिला ते माहीत नाही.

तुमची होऊ घातलेली भाची,
यिस्का


डेव्हेंटर, ३१ मार्च

चि. यिस्का हिस मावशीचे अनेक, अनेक, अनेक आशीर्वाद!

बसून वाच. गुरुवारी मी गाण्याच्या सरावाहून सायकलवर येत होते, तर कोरी आमच्या खिडकीसमोर उभी. चोरून नव्हे, सरळ कमरेवर हात ठेवून. मला वाटलं, आत खुर्ची नसेल. सायकल तशीच टाकली आणि बघितलं.

खुर्ची होती. फिरवलेली. आणि तिच्यात राखाडी स्वेटर घालून बेरेंड, मागे माझी भिंत. अगं, झुत्फेनला मी त्याला शंभरदा बघितलंय, पण तिथे राखाडी भिंतीपुढे राखाडी खुर्चीत राखाडी माणूस, नुसता चष्मा आणि कॉफीचा कप दिसायचा. आणि घरी? त्याला भिंतीकडे तोंड करून बसवलं आणि मी मागून चहा देत राहिले. त्याच्या भुवया पांढऱ्या आहेत आणि डावी जरा वर चढलेली असते, हे मला रस्त्यावर उभं राहून कळलं. लाल रंगापुढे इतका देखणा दिसत होता, की कोरी म्हणाली, हेर्मीन, हा कोण नवीन आणलास?

मी काचेवर टकटक केली. तर या माणसाने, जो पडदा मागत होता, कप उंच धरून आम्हा दोघींना चिअर्स केलं! कोरी लाजून घरी पळाली. मला वाटतं, पंचवीस वर्षांत पहिल्यांदाच.

आत गेल्यावर त्याने सगळं सांगितलं. मानेचं, तुझ्या पत्राचं, आणि जायचं नाही हेसुद्धा. मी रडले, मग त्याच्यावर ओरडले, मग दोघांनी दुसरं बिस्किट घेतलं. काल तो झुत्फेनला किल्ली देऊन आला. आता रोज खुर्चीत बसतो आणि कोण बघतं याची वाटच बघतो. मीच म्हणते, जरा डोळे मीट.

आज सकाळी संडासात कॅलेंडरचं पान उलटायला गेले, तर ते जड लागलं. पेन्सिलीचं नाव खोडलेलं, आणि त्याच जागी उरलेल्या लाल ऑइलपेंटने, बारीक ब्रशने, मोठ्ठं बेरेंड. तीन दिवसांच्या रकान्यांत पसरलंय आणि मागचं पान कायमचं चिकटलंय. जूनच्या त्या आठवड्यात तुझाही वाढदिवस होता. तो आता काकांच्या नावाखाली गेलाय. त्याला विचारलं तर म्हणतो, वाढदिवसाची भेट मिळेल, पण यिस्काला आधी इथे येऊन लाल भिंतीपुढे बसावं लागेल.

दोघांचा लोभ आहे, एकाचा शाईने आणि एकाचा रंगाने.

तुझी,
हेर्मीन मावशी