बाराव्या अक्षराची अट

शार्दूलविक्रीडितातला श्लोक म्हणताना साठ पोरं बाराव्या अक्षरावर थांबत आणि एकदम श्वास ओढत. वर्गभर नुसता ‘स्स्स’. तो आवाज कानात ठेवून मी, बद्रीनाथ सांडू दाभाडे, वय ७८, निवृत्त मराठी शिक्षक, राहणार गारखेडा, हे मृत्युपत्र लिहितो. गुडघे गेले, बुद्धी आणि नाक शाबूत आहे. कोणी हात धरून लिहवून घेत नाही.

१. बँकेतली ठेव मुलगा प्रणय यास. वाळूजच्या कारखान्यात पाळ्या करता करता तो स्वतःच्या पोरीकडं बघत नाही, हेही इथं नोंदवतो.

२. कवितांच्या सतरा वह्या माझा विद्यार्थी शेख शफीक यास. १९८७ साली श्लोक म्हणताना याचा श्वास मधेच तुटला, म्हणून मी याची बोटं हुंगली. बिडी! दोन छड्या दिल्या. आज गुलमंडीत त्याचं कापडाचं दुकान आहे, आणि तो समोर बसून चहा पितोय.

३. घर. हे नात अपेक्षा, इयत्ता दहावी, हिला द्यायचं ठरलं होतं. परंतु आठ दिवसांपूर्वी तिच्या कंपासपेटीत एक पेन सापडलं. जांभळं, गुळगुळीत. सही करून पाहिली, उमटेना. टोपण निघेना. खाली चार्जिंगचं भोक. पेनाला चार्जिंग कशाला? हुंगलं, तर पिकल्या आंब्याचा वास. माघात आंबा?

शफीक म्हणाला, “सर, याला व्हेप म्हणतेत. हे ओढायचं असतंय. आमच्या वक्ताला हुंगलं की चोर सापडायचा. आता हुंगलं तर फळ सापडतंय!”

पूर्वी ओढणारे मागच्या बाकावरचे चार-दोन. आता म्हणे पहिल्या बाकावरच्या मुलीही, मास्तर समोर उभा असताना.

पेन मी चष्म्याच्या डबीत ठेवलं. अपेक्षानं अजून विचारलंही नाही. हरवलेलं जो शोधत नाही, त्याच्या मनात काय असतं? काल तिला श्लोक म्हणायला लावला. सातव्या अक्षरावर थांबली. “आजोबा, पाठ नाय.” मराठीच्या मास्तराची नात, आणि पाठ नाही!

सबब, अठरा वर्षं पूर्ण होताच तिनं तो श्लोक साक्षीदारांसमोर म्हणावा. एकाही ओळीत बाराव्या अक्षराआधी श्वास तुटू नये. तरच घर तिचं. नाहीतर ते विकून रक्कम वाचनालयास.

शफीक म्हणतो, “नात हाय सर, आरोपी नाय. एकदा सरळ विचारा की तिला.”

विचारलं आणि ती खोटं बोलली, तर? ते मला सोसायचं नाही.

स्थळ : छत्रपती संभाजीनगर. दिनांक : ९ फेब्रुवारी २०२५.
साक्षीदार : १. शेख शफीक (सही). २. शेजारच्या सत्यभामाबाई (येत आहेत).
लिहून ठेवणार : (सही त्या आल्यावर.)

बेल वाजली. शफीकनं दार उघडलं. सत्यभामाबाई नव्हेत. आवाज इथवर येतोय. हातात लेखणी आहे म्हणून उतरवून घेतो.

“सर हायेत का? मी रूपा, अपेक्षाच्या वर्गातल्या सोनियाची आई. तुमच्या अपेक्षानं आमच्या सोनियाचं पेन हिसकून घेतलं बघा. मागितलं तर म्हणती, नाल्यात फेकीन, पण तुला देणार नाय. चार्जिंगचं हाय हो, लई महागाचं. तेवढं वापस द्यायला लावा. बोर्डाची परीक्षा तोंडावर आली, पोरीनं पेपर लिहावा कशानं?”